पाठीचं मांस नडगीवर

नोकरीभर मी एकच काम मनापासून केलं, ते म्हणजे शक घेणं. कोणाच्या गालात काय दडलंय, पिशवीत काय आणलंय, इथली उशी तिथं काहून गेली, आणि हा माणूस आज एवढा गोड काहून बोलतोय. आता निवृत्त झाले, मनीषनगरात मुलीकडं राहते, तरी सवय जात नाही. परवा जावयानं सकाळी स्वतःहून चहा करून आणला, तर मी आधी कपात पाहिलं आणि मग त्याच्या तोंडाकडं. मुलगी म्हणाली, "आई, तुझा वॉर्ड अजून सुटला नाही." नसेल सुटला. ज्या वॉर्डात मी होते, तिथं शक न घेणारी बाई काही कामाची नव्हती.

हॉस्पिटल नागपुरातलंच, नाव घेत नाही. तिथं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात मी मावशी होते. चादरी बदलणं, पेशंट उचलणं-फिरवणं, पुसणं-धुणं, नातेवाइकांना हाकलणं. सिस्टर लोकांसारखं माझं शिक्षण नाही. चौथीत शाळा सुटली. पुढचं जे आलं ते पाहून आलं, आणि "हे काय हो सिस्टर?" असं विचारून विचारून त्यांचा जीव खाल्ला, त्यातून आलं.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आमच्या सोसायटीतल्या बायका माझ्या नाकाकडं पाहतात. त्यांना वाटतं, नाकं सरळ करायचं दुकान. तसले हौशी पेशंट आमच्याकडं क्वचित. बाकी सगळे ट्रॅक्टरखाली आलेले, मशीनमध्ये हात गेलेले, जळालेले, आणि खर्रा खाऊन खाऊन गालाचा कॅन्सर करून घेतलेले. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून करतात तो. नागपूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण अंक बाहेरगावीही जातो म्हणे.

आता आमचं मुख्य काम काय, ते सांगते. जखमेच्या तळाशी जिवंत मांस असलं, तर मांडीवरची पातळ साल काढून वर चिकटवतात. खालून ओल मिळते, साल लागते. पण नडगीचं हाड उघडं पडलं तर? हाडावर साल धरत नाही. फरशीवर दूर्वा लावून पाहा, लागतात का. उघडं हाड वाळतं, मग सडतं, आणि गोष्ट पाय कापण्यावर जाते. अशा वेळी डॉक्टर दुसऱ्या जागेवरून, पाठीतून नाहीतर मांडीतून, कातडी आणि मांस यांचा अख्खा तुकडा काढतात. त्याला रक्त आणणारी एक धमनी आणि रक्त परत नेणारी एक शीर सोबत ठेवतात. कुंडीतलं रोप मातीच्या गोळ्यासकट उचलावं, तसं. मग तो तुकडा उघड्या हाडावर मांडायचा, आणि त्याची धमनी पायातल्या धमनीला, शीर शिरेला, दुर्बिणीखाली शिवायची. दोरा इतका बारीक की मी एकदा ट्रेमध्ये शोधत बसले, दिसलाच नाही. या तुकड्याला आमच्याकडं फ्लॅप म्हणतात.

शिवून झालं म्हणजे झालं, असं पेशंटला वाटतं. आमचा शक तिथून सुरू व्हायचा. त्या तुकड्याचा सगळा जीव दोन बारीक नळ्यांवर. धमनी बंद पडली तर तो पांढरा आणि गार पडतो. शीर बंद पडली तर रक्त आत येतं, बाहेर जात नाही, मग तो फुगतो, जांभळा होतो. लवकर कळलं तर पुन्हा उघडून वाचवता येतो, उशीर झाला तर गेला. म्हणून तासातासाला पाहायचं. सिस्टर रंग पाहायच्या, बोटानं दाबून सोडल्यावर रंग घाईनं नाही की उशिरा नाही, असा हळू भरतो का ते पाहायच्या (हे दाबणं मीही शिकले होते), आणि पेनासारखं एक यंत्र लावून आतल्या धमनीचा आवाज ऐकायच्या. दूर कुठं तरी कोणी धुणं आपटतंय, असा आवाज. तो आला की मला जेवण गोड लागायचं.

माझ्याकडं राहिले शत्रू. तंबाखू हा पहिला. एका चिमटीनंही नळ्या आकसतात. गार हवा हा दुसरा. नागपूरचा मे महिना, बाकी वॉर्डात कूलर घों घों करतंय, आणि फ्लॅपच्या पेशंटच्या खोलीत कूलर बंद, वर पांघरूण! नातेवाइकांना वाटायचं, ही बाई यांना भाजून मारणार आहे. मी जेवायला गेले की कोणी तरी दया येऊन कूलर चालू करायचं. शेवटी मी कूलरच्या वायरची पिनच, म्हणजे प्लग, काढून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवायला लागले.

तोंड तपासायला माझ्याकडं टॉर्च असायचा. "आ करा." मोठमोठी माणसं आ करायची. नाही केला तर समजायचं की आत माल आहे.

एक शेठ होते, किराण्याचे ठोक व्यापारी. गालाचा कॅन्सर काढून तिथं मांडीचा फ्लॅप लावलेला. शुद्धीवर आल्यावर पाटीवर लिहून विचारलं, गालात काय लावलं? मी म्हटलं, मांस. शेठ ताडकन उठून बसले. पुढचा प्रश्न, कोणाचं? मी म्हटलं, तुमचंच हो, मांडीचं. त्यांचा विश्वास बसेना. आम्ही पिढ्यान् पिढ्या शाकाहारी, असं त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं. मी म्हटलं, मग तुमचं मांसही शाकाहारीच असणार ना! शेठाणी पदर तोंडावर धरून हसली. महिन्या-दोन महिन्यांनी ते तपासायला आले तेव्हा बोलायला लागले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, गालाच्या आत केस उगवून राहिले. खरं सांगा, कोणाचं होतं?" मांडीवर केस असतात, ते गालात गेले तरी आपला धर्म सोडत नाहीत, हे त्यांना पटवता पटवता डॉक्टरही थकले.

पण मला सांगायचंय ते रोशनचं. आणि त्याच्या आईचं.

रोशन खापरखेड्याकडचा पोरगा, ठेकेदाराकडं लाइनमन. विजेच्या पोलवर चढायचं त्याचं काम. सावनेरच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली आणि उजवा पाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेला. आला तेव्हा नडगीचं हाड विताएवढं उघडं, पांढरं. आमचे मोठे सर होते प्लास्टिक सर्जरीचे, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पट्टी सोडून पाहिलं, मग रोशनला आणि त्याच्या आईला दोनच रस्ते सांगितले. एक तर पाठीतून फ्लॅप घेऊन हाड झाकायचं. नाहीतर गुडघ्याखाली पाय काढायचा.

आईचं नाव लीलाबाई. माझ्याच वयाची असेल. काटकुळी, आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप खिसे तपासावेत. तिचा नवरा पोरगा लहान असतानाच वारला होता. सावनेरकडच्या संत्र्याच्या रोपवाटिकांमध्ये तिनं आयुष्य काढलं. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायच्या, म्हणजे कलमाच्या, कामाला जायची. त्या मजुरीवर पोराला आयटीआय शिकवलं होतं.

सरांचं ऐकून ती म्हणाली, "लागलं पायाले, अन् चिरा पाठीले? हे कुठलं शास्त्र?"

सरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. तिनं चित्राकडं पाहिलंच नाही, सरांच्या चेहऱ्याकडं पाहत राहिली. रोशन म्हणाला, "माय, पाय गेला तं पोलवर कोन चढन? करू दे त्यायले." मग ती कशीबशी तयार झाली.

ऑपरेशन दिवसभर चाललं. रोशन परत आला तेव्हा नडगीवर पाठीचं मांस गुलाबी दिसत होतं, ताज्या भाकरीसारखं टम्म. धमनीचा आवाज स्वच्छ. स्नेहल मॅडम, म्हणजे सरांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टर, खूश होत्या. पायाखाली उशीवर उशी ठेवून पाय छातीपेक्षा वर केला. हा तिसरा नियम. पाय खाली आला की रक्त खाली साचतं, नवी शीर बिचारी ते वर ढकलू शकत नाही. मी लीलाबाईला बजावलं, "पाय असाच राहू द्यायचा. हात लावायचा नाही."

"लावत नाई बाप्पा," ती म्हणाली, आणि तिथंच मला पहिला शक आला. कारण एवढ्या लवकर कबूल होणारी बाई ती नव्हती.

पण तिलाही माझा शक होता, हे मला लवकरच कळलं. वऱ्हांड्यात नातेवाइकांचा अड्डा असायचा. तिथं कोणाच्या तरी चुलतभावाची किडनी कोणत्या तरी शहरात काढून घेतल्याची गोष्ट रोज नव्यानं सांगितली जायची. लीलाबाई ती ऐकून आली. रोशनला कुशीवर करून मी चादर बदलत होते, तेव्हा तिनं पाठीवरची पट्टी नीट निरखली. काखेपासून खाली पार कमरेकडं गेलेली.

"एवढी लांब पट्टी पाठीले," ती म्हणाली, "अन् पायावर तं एवढुसंच दिसते. बाकीचं कुठं गेलं वं बाई?"

"बाकीचं म्हणजे?"

"म्हंजे काढलं तेवढं लावलं का?"

मी म्हटलं, "लीलाबाई, मांस काय बाजारात विकतात का?"

"ते तुमाले मालूम. तुमी इथं कामाले आहे, मी नाई."

त्यानंतर आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना दोन मांजरींसारख्या बसायला लागलो. ती माझ्या हाताकडं पाहायची, मी तिच्या. मी पायाजवळ गेले की ती उठून उभी राहायची. "किती दाबता? दाबून दाबूनच मारान त्याले." मी तिची पिशवी हुंगायची. पिशवीत भाकरी, मिरचीचा ठेचा, एक फणी. बाकी काही नाही. तेही मला खटकायचं. काही सापडत नाही म्हणजे नक्की दुसरीकडं आहे.

कारण रोशन खर्रा खाणारा होता. त्यानं स्वतःच सांगितलं, "पोलवर चढतानी लागते मावशी, नाईतर झोप येते." मी म्हटलं, आता पोल नाही अन् खर्राही नाही. दिवसातून कितीदा तरी टॉर्च मारायचे. रोशन न सांगताच आ करायला लागला होता. मी नुसती गोधडी ठेवायला गेले तरी त्याचं तोंड उघडं.

भेटायला यायचा तो गजू, त्याच्यासोबत काम करणारा मित्र. दाढी वाढलेली, हसरा, आणि बोलताना सारखा हात खिशाकडं. माझा सगळा शक गजूवर जाऊन बसला. तो आला की मी खोलीतून हलायचीच नाही. गजू म्हणायचा, "मावशी, तुमी पोलिसात काहून नाई गेल्या?"

"उंची कमी पडली," मी म्हणायची.

आणि मग एका दुपारी ते झालं. मी जेवायला गेले तेवढ्यात गजू येऊन गेला होता, हे मला परतल्यावर कळलं. पांघरूण उचललं तर फ्लॅपचा रंग गेलेला. सकाळची भाकरी आता वांग्यासारखी झालेली. फुगून चकचकीत, टाके ताणलेले. मी सिस्टरला ओरडून बोलावलं, सिस्टरनं स्नेहल मॅडमला. मॅडमनी सुईनं टोचलं, तर लगेच काळपट रक्त भळभळलं. त्यांनी सरांना फोन लावला आणि सर येईपर्यंत मला विचारलं, "मावशी, काय झालं? कोणी आलं होतं?"

मी बाहेर धावले. गजू गेटजवळच्या नळावर हात धूत होता. त्याला दंडाला धरून वर आणला.

"खिसा दाखव."

"अहो मावशी..."

"दाखव म्हणते ना!"

निघाली. खर्ऱ्याची पन्नी, अर्धी संपलेली. मी ती सगळ्यांसमोर वर धरली. "बघा! मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिली."

गजूचा चेहरा उतरला. "आईची शप्पथ मावशी, मी खाल्ला. इथं नाई, खाली. याले वासबी नाई दिला. पोट्टा हात जोडून मागत होता, नाई दिला."

"तू भैताड आहे का रे, मागत होता ते काहून सांगतं?" रोशन पलंगावरून म्हणाला.

मी रोशनच्या तोंडात टॉर्च मारला. जीभ स्वच्छ, गाल स्वच्छ. मॅडमनीही वास घेतला. काही नाही. आता मी घोट्याकडं वळले. कधीकधी बायका फ्लॅपच्या पायाला दोरा बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून, आणि तो कचतो. लीलाबाईला कळलं मी काय शोधते ते.

"नोको शोधू," ती म्हणाली. "आमच्या घरी गंडेदोरे चालत नाई. आमी त्याच्या पल्याड कवाचेच आलो."

तेवढ्यात सर आले. त्यांनी पाहिलं, दाबलं, पुन्हा पाहिलं. म्हणाले, "शीर बंद पडत चालली आहे. आत्ता थिएटरमध्ये न्यावं लागेल. उघडून पाहू. वेळ घालवला तर हा फ्लॅप जाईल, आणि हा गेला तर पायाचं कठीण आहे."

रोशननं आईकडं पाहिलं. सही त्याची लागणार होती, तो शुद्धीवर होता, सज्ञान होता. पण म्हणाला, "माय म्हणन तसं."

आणि लीलाबाई फुटली.

"पुन्ना? पुन्ना नेता? पहिले पाठ चिरली, आता काय चिरता? पोराले तुकड्या-तुकड्यानं नेऊन राहिले का तुमी? अन् वरून मलेच म्हनता हात नोको लावू! पाय वर टांगून ठेवता, उशीवर उशी. रक्त वर चढन कसं? पानी कधी चढावावर गेलं का? आमी जंबेरीवर डोळा बांधतो, तं पानी बुडाले देतो, आभाळाले नाई देत. ही बाई गेली का मी उशा काढून पाय खाली सोडून देत होती, म्हनून तरी एवढं टिकलं. तुमच्या भरोशावर राहिली असती तं कवाचंच काळं पडलं असतं!"

गजू पायाखालच्या उशा मोजायला लागला.

स्नेहल मॅडमचं तोंड उघडलं होतं, सरांनी नुसता हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्या नाकासमोर! मी कूलरच्या पिना लपवल्या, गजूच्या मागं लागले, गाल तपासले, आणि ही बाई मी जेवायला गेले की उशा काढून स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसायची. मी परत येण्याच्या आत पुन्हा लावायची. रोशनला ठाऊक होतं. तो म्हणाला, "मले बरंच वाटे मावशी पाय खाली केल्यावर. म्या म्हटलं माय सांगते तं असन."

सर काय म्हणतात याकडं माझं लक्ष. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, खरं सांगते. ते स्टूल ओढून लीलाबाईच्या समोर बसले. म्हणाले, "आई, पाणी बुडाला जातं हे बरोबर. पण इथं पाणी आणणारी नळी चांगली चालू आहे. अडचण परत नेणाऱ्या नळीची आहे. वावरात पाणी साचून राहिलं, निघायला वाट नाही, तर रोपाचं काय होतं?"

ती म्हणाली, "सडते."

"तेच होतंय."

"तुमी म्हनता," ती म्हणाली. शक गेलेला नव्हताच. "पहिले मले दाखवा. पाठीचं काढलं तेवढं सगळं कुठं आहे. मग सही."

मला वाटलं, गेला हा पाय. एकेक मिनिट महत्त्वाचं आणि इथं ही मांसाचा हिशेब मागतेय. पण सरांनी वाद घातला नाही. त्यांनी मला खुणावलं. मी नडगीवरचं उरलेलं ड्रेसिंग काढलं, कडेची जाळीसुद्धा, जी आम्ही तिच्यासमोर कधी काढली नव्हती. पूर्ण फ्लॅप उघडा पडला. सुजलेला, जांभळा, भेसूर. सर म्हणाले, "पाठ लांब शिवावी लागते, कडा एकमेकींना जोडायच्या असतात म्हणून. मांस जेवढं काढलं तेवढं सगळं इथं आहे. थोडं वर दिसतं, बाकी खाली हाडाभोवती भरलंय."

लीलाबाई वाकली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. खूप वेळ पाहत राहिली. मग तिनं बोट पुढं केलं, लावलं मात्र नाही, हवेतच थांबवलं.

"हा तीळ," ती म्हणाली.

फ्लॅपच्या खालच्या कडेला, त्या जांभळ्या सुजेत, एक काळा तीळ होता. मसुराच्या दाण्याएवढा. मी रोज पाहायची आणि मला तो नुसता तीळ वाटायचा.

"हा याच्या पाठीवरचा आहे. डाव्या बाजूले होता. लहानपनी तेल लावतानी मी याच्यावर थांबत होती, याले गुदगुल्या व्हायच्या." तिनं सरांकडं पाहिलं. "हा इथं कसा आला?"

"आम्हीच आणला," सर म्हणाले. "सगळ्यासोबत."

ती सरळ उभी राहिली. पदर खोचला. रोशनला म्हणाली, "कर सही." आणि स्ट्रेचर हलायला लागलं तसं सरांच्या मागं दारापर्यंत जाऊन म्हणाली, "डॉक्टर, वापस आल्यावर मी तो तीळ पाहीन. तीळ आला तं सगळं आलं."

थिएटरच्या बाहेर आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो. एवढे दिवस समोरासमोर होतो, आता शेजारी. मी बोलणार नव्हते. मला राग होता तिचा, आणि माझाही. शेवटी तीच म्हणाली, "तुमच्या डब्यात काय असते वं, एवढा वेळ लागते जेवाले?"

मला हसू आलं. "पोळी-भाजी. अन् कूलरची पिन."

"काहून?"

सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तुमीबी चोरच."

सर बाहेर आले तेव्हा त्यांची टोपी घामानं भिजलेली. शिरेत गुठळी झाली होती, काढली, शीर पुन्हा शिवली, आता रक्त चाललंय. मी त्यांना बाजूला गाठून विचारलं, "सर, पाय खाली केल्यानंच झालं ना?" ते म्हणाले, "मावशी, गुठळी कशानंही होते. आमचा टाका तिरपा पडला असेल, तरी होते." ते खरं बोलले की त्या बाईला वाचवलं, हे मला आजवर कळलेलं नाही. माझा त्यांच्यावरही शक आहे.

फ्लॅप वाचला. एक कड काळी पडली, ती काढून मांडीची साल लावली. गजूची मी माफी मागितली का, असं मुलगी विचारते. नाही मागितली, खिशात पन्नी होतीच. तो मात्र त्यानंतर खोलीत शिरताना स्वतःच खिसे उलटे करून दाखवायचा. रोशन पुढं एकदा वॉर्डात येऊन मला म्हणाला, मी पोलवर चढतो. लीलाबाई मागं उभी होती, तिनं नकारार्थी मान हलवली. आता दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा, तुम्हीच सांगा.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहतो तो दिवस, जेव्हा सरांनी पहिल्यांदा पाय खाली सोडायला सांगितला. फ्लॅपला सवय लावावी लागते. थोडा वेळ खाली, मग वर, पुन्हा थोडा वेळ खाली. स्नेहल मॅडम सांगत होत्या, आणि लीलाबाई पलंगाला आडवी उभी.

"काहून? तुमीच तं वर म्हनत होते. आता खाली म्हनता. एक काय ते पक्कं सांगा."

"आजी, आता शीर जोर धरते आहे. उभं राहायचंय ना त्याला?"

"रायतो तो उभा. पाय वर ठिवून राईन."

"माय, तसा बगळाबी नाई राहात," रोशन म्हणाला.

पाय खाली सोडला. रंग बदलला, जांभळाकडं झुकला. तो तसा थोडा होतोच, मला माहीत होतं, तरी माझा जीव वर आला. लीलाबाईनं टाचेखाली हात घालून ठेवला होता, उचलायच्या तयारीनं. मॅडम म्हणाल्या, वर घ्या. रंग परतला. पुढचे काही दिवस असंच. प्रत्येक वेळी टाचेखाली तिचा हात.

मग उभं करायचा दिवस आला. एका काखेत मी, दुसऱ्या काखेत वॉर्डबॉय, रोशन पलंगाच्या कडेला. लीलाबाई खाली बसली होती, आणि टाच जमिनीला लागणार तिथं तिनं तळहात फरशीवर पालथा ठेवलेला.

"माय, हात काढ. तुया हातावर पाय देऊ का?"

"दे. मले समजन तं खरं, किती जोर पडते."

"काढ ना वं माय!"

तिनं रोशनकडं पाहिलं नाही. मॅडमकडंही नाही. मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी रोशनला वॉर्डबॉयच्या खांद्यावर टेकवलं, वाकले, आणि तिळाशेजारी बोट दाबलं. पांढरं झालं, आणि हळू, अगदी हवं तेवढ्याच हळू, पुन्हा भरून आलं. मी तिच्यासमोरच पुन्हा एकदा दाबलं.

"काढा, लीलाबाई," मी म्हटलं.

तिनं हात काढला. रोशननं पाय टेकवला, ओठ दाबले, आणि सगळं अंग त्या पायावर तोलायचा प्रयत्न केला. आम्ही सगळे त्याच्या नडगीकडं पाहत होतो, त्याच्या तोंडाकडं कोणाचंच लक्ष नव्हतं.

"फरशी थंडी लागून राहिली, माय," तो म्हणाला.